भिंतीबाहेरची तोटी

— नाही, तसं ओढू नका, डॉक्टरसाहेब, गाडगी नुसती कोंड्यावर टेकवली आहेत, वरचं कलंडलं की खालचं फुटेल — मीच दाखवतो, तुम्ही फक्त बघा आणि सांगा. आणि खरं सांगा, एवढीच विनंती. इथे या लिंबाखाली बसलं तर चालेल ना? तुमची परभणीची गाडी यायला अजून तासभर आहे, मी हॉटेलवाल्याला दोनदा विचारून घेतलं. तालुक्याला तुमच्या दवाखान्यातच आलो असतो, पण तिथे रांगेत आमच्या गावचं कोणी ना कोणी असतं, आणि मला जे विचारायचं आहे ते चारचौघांत विचारण्याजोगं नाही. म्हणून गुरुवारी तुम्ही देवगाव फाट्यावर गाडी बदलता हे कळलं तेव्हा आमच्या बन्सीधर सुताराच्या बैलगाडीत बसलो, हा नमुना मांडीवर धरला आणि दोन कोस तो हलू दिला नाही. माझं नाव सिताराम. गावात बुवा म्हणतात. चाळीस वर्षं महादेवाची पूजा माझ्याकडे आहे, सणावारी कीर्तन करतो, लोक ऐकतात. — ऐकतात, हीच तर भीतीची गोष्ट आहे. मी सांगितलं की ऐकतात.

हे पहा. आमच्या देवळापुढे बारव आहे, जुनी, चिरेबंदी, सत्तावीस पायऱ्यांची. सारा गाव तिचंच पाणी पितो — सारा म्हणजे आमचा सारा. बौद्ध वस्तीचा आड वेगळा आहे, ते पुढे सांगतो. आजवरची रीत अशी की बाई घागर घेऊन पायऱ्या उतरते, घोटाभर पाण्यात उभी राहते, घागर बुडवते आणि वर येते. आता हे चाक — नमुन्यात चरख्याचं आहे, तिकडे खऱ्याला मोडक्या छकड्याचं लावलं आहे — हे काठावर दोन खांबांत फिरतं. यावरून दोर, दोराला पोहरा. वर उभं राहून ओढायचं, पाण्याला पाय लावायचाच नाही. पोहरा इथे उलटतो, या पहिल्या घागरीत. तिच्या तोंडाला माझं जुनं धोतर, चार पदरी, धुवट. दुसऱ्या घागरीत वाळू आणि बाभळीचा कोळसा. तिथून ही पत्र्याची नळी, थेट बारवेच्या आवाराच्या भिंतीतून बाहेर, आणि भिंतीच्या बाहेर, रस्त्यावर, पितळी तोटी. आता मी हे हॉटेलच्या पिंपातलं पाणी ओततो — थांबा — येईल, थेंब थेंब येतं — हं. आलं. कसं वाटतं? अडेल का यात नारू? आमच्या गावात माणसांच्या पायांतून हातहात लांब दोरा निघतो, साहेब, पांढरा, जिवंत. लोक तो काडीला गुंडाळतात, रोज दोन बोटं ओढतात, तुटला तर पाय सडतो. पेरणीच्या तोंडावर निम्मा गाव खाटेवर असतो. हा नमुना चुकला असेल तर आत्ताच चुकला म्हणा. परवा फार उशीर होईल.

धोतरच अडवतं म्हणता? नुसतं धोतर? आणि कोळशाचा — कोळशाचा काही उपयोग नाही. अहो, त्या कोळशासाठी मी आठ दिवस अंगणात बाभळी जाळल्या, सुनेनं डोळे चोळत चोळत मला नाही नाही ते ऐकवलं, म्हणाली, मामंजी, नारूचं माहीत न्हाई पर आमी पयले जातोव. असू द्या, राहू दे कोळसा, पाण्याचा वास तरी जातो. पण धोतर अडवतं. म्हणजे पाण्यात एक किडा असतो, डोळ्याला धड दिसत नाही असा, आणि नारूचं पिल्लू त्या किड्याच्या पोटात — बरोबर? सूर्यभान मास्तरनं हेच सांगितलं होतं, याच शब्दांत. मला वाटलं होतं, पुस्तकात वाचलेलं बोलतोय.

सूर्यभान मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे गुरुजी. बौद्ध वस्तीतले, वय तिशीच्या आत, पण बोलणं मोजकं. दोन वर्षांपूर्वी वैशाखातच एका दुपारी ते माझ्याकडे आले, नमस्कार केला, ओट्याखालीच उभे राहिले — मी वर या म्हटलं नाही, त्यांनीही वाट पाहिली नाही — आणि शाळेचं हजेरीपुस्तक उघडून दाखवलं. नारूनं घरी बसलेल्या मुलांच्या नावांपुढे लाल शाईची खूण होती. चौतीस मुलं. त्यांत वस्तीतलं एकही नाही. मी म्हटलं, ईश्वराची इच्छा. ते म्हणाले, बुवा, आमच्या आडाला पायऱ्या नाहीत. एवढंच म्हणाले आणि पुस्तक मिटलं. मी रात्रभर त्यावर विचार केला. का नाहीत त्यांच्या आडाला पायऱ्या? कारण आमच्या आजोबा-पणजोबांनी त्यांना बारवेवर येऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी वस्तीमागच्या खडकात तो अरुंद आड खोदला आणि कप्पी बसवली. त्यात कुणाचा पाय पडूच शकत नाही. ज्यांना आम्ही पाण्यापासून दूर ठेवलं ते वाचले, साहेब, आणि ज्यांच्यासाठी पाणी राखलं ते लोळतायत. आणि गावात कुजबूज काय, तर वस्तीवाल्यांनी करणी केली, नाहीतर त्यांनाच कसा होत नाही. मी चाळीस वर्षं कीर्तनात उभा राहून सांगत आलो की तहान भागवताना पाणी कुणाचं कूळ विचारत नाही — सांगत आलो, लोकांनी माना डोलावल्या, आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. बहात्तर साली त्यांचा आड आटला तेव्हा त्यांच्या बाया बारवेच्या भिंतीशी घागरी ठेवून उन्हात बसायच्या, कोणी वरून ओतलं तर ओतलं, गढूळ म्हणून घागरीच्या तोंडाला पदर धरायच्या. आतून मी पाहत होतो. त्या हजेरीपुस्तकानं मला पहिल्यांदा लाज आणली. म्हणून तोटी भिंतीबाहेर. रहाटाची कल्पना मास्तरची, सुतारकाम बन्सीधरचं; पण तोटी रस्त्यावर निघावी, जो येईल त्यानं भरून घ्यावं, पायरी नाही, उंबरा नाही, आतला-बाहेरचा नाही — ही माझी. माझ्या साऱ्या कीर्तनांपेक्षा ही तोटी बरी झाली असं मला वाटतं. वाटत होतं.

गावाच्या गळी हे उतरवणं सोपं नव्हतं, साहेब. कडूबाई म्हणून आमच्याकडे एक म्हातारी आहे, तोंडानं जहाल, ती भर पारावर म्हणाली, ‘बुवा, देवाच्या पाण्याला तोटी लावायलाव, उद्या पिंडीला लाइटचं मीटर बसवताल.’ लोक हसले, मीही हसलो, ते बरं झालं; हसलं की अर्धी गाठ सुटते. पण भुजंग हसला नाही. भुजंग म्हणजे पाटलांचा पुतण्या. त्याच्या घरात तीन माणसं नारूनं पडून आहेत, माणूस दुःखात आहे हे मी जाणतो, पण त्याचा हात दुःखातसुद्धा दुसऱ्याच्याच गळ्याकडे जातो. मी काय केलं, रामनवमीच्या कीर्तनात, ऐन रंगात, पुढे सारा गाव बसलेला — मी म्हणून गेलो की अक्षय्य तृतीयेला तोटी सुटेल आणि त्या दिवसापासून या गावात नारू निघणार नाही. हो, असंच म्हणालो. टाळ हातात असले की जीभ पुढे धावते. त्यावर भुजंग उठून उभा राहिला, आणि त्यानं जे म्हटलं ते माझ्या कानातून जात नाही. ‘बुवा, तुमच्या शब्दाखातर नळ भिंतीभायर जायलाय. पर ह्याच्यानंतर एक बी नारू निघाला, तर मी तुमाला न्हाई इचारणार. मी मास्तरला इचारणार.’ आमच्या गावात विचारणं म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. मास्तरची बायको पोटुशी आहे. घर वस्तीच्या कडेला, पहिलंच. — म्हणून आलो तुमच्याकडे. हा नमुना घेऊन म्हातारा कशाला फिरतोय, तर कौतुकासाठी नाही. मला फक्त एवढं ऐकायचं आहे की परवा तोटी सुटली की नारू थांबेल. सांगा तेवढं, आणि मी जातो.

काय म्हणालात? — पुन्हा सांगा. वर्ष?

आज जो पाणी प्याला त्याचा नारू पुढच्या वैशाखात निघतो. वर्षभर तो आत असतो. कळत नाही, दुखत नाही, आत वाढत असतो. म्हणजे यंदा जे प्याले आहेत — गेल्या पावसाळ्यापासून, काल, आज सकाळी — त्यांच्या अंगात तो आधीच आहे, आणि परवा मी तोटी सोडली, आणि सारा गाव गाळून प्याला, तरी पुढच्या वैशाखात तो निघणारच. किती जणांना? — नाही, आकडा नको. एकाला निघाला तरी पुरे. अहो, मी भर कीर्तनात सांगितलं, निघणार नाही. मी — हे गाडगं जरा धरता? धरा. हे मास्तरला माहीत होतं का? असेलच; पिल्लाचं माहीत तर वर्षाचंही माहीत. मग तो बोलला का नाही? मी कीर्तनात तो शब्द दिला तेव्हा तो भिंतीपलीकडे उभा राहून ऐकत होता, बन्सीधरनं मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आला आणि नळीचे सांधे डांबरानं भरू लागला.

ऐका, तुम्ही परवा या. या, डॉक्टरसाहेब, मी गाडी पाठवतो, बैलं चांगली आहेत. तुम्ही पारावर उभे राहा आणि सांगा की अजून एक वर्ष नारू निघेल आणि त्यात कुणाचा दोष नाही, आणि त्यानंतर थांबेल. सरकारी डॉक्टर म्हटल्यावर भुजंगालासुद्धा ऐकावं लागेल. याल? याल ना? — मोठा उपकार. तसल्ली झाली. एक वर्ष काढू आम्ही, मी मास्तरला माझ्या घरी — नाही, घरी कसं — पण त्याच्या दारात मी जाऊन बसेन रोज, माझ्यासमोर कोणी हात उचलणार नाही. वर्ष काही फार नाही. वर्षानंतर तर थांबेलच.

हो, विचारा. — खाली? खाली आता कोणी उतरणार नाही. पायऱ्यांच्या तोंडाला बन्सीधरनं बाभळीचं फाटक केलं आहे, त्याला कुलूप, आणि किल्ली माझ्या जानव्याला. बाया नाहीत, पोरं नाहीत, गुरं नाहीत. एकही पाय पाण्यात पडणार नाही. — म्हणजे देवाचं पाणी आणायला तेवढं जावं लागतं, ते वेगळं. ते कोणी नाही, तो मीच. पहाटे बारवेत उतरायचं, तिथेच स्नान, ओलेत्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहून कलश बुडवायचा, मुखानं नाम, कलश वाटेत कुठे टेकवायचा नाही, आणि तो थेट पिंडीवर. माझ्या वडिलांनी हेच केलं, त्यांच्या वडिलांनी हेच. ते पाणी रहाटाचं कसं चालेल? रहाटाच्या दोराला साऱ्यांचे हात — म्हणजे, मला म्हणायचं होतं — तसं बघू नका, साहेब. माझ्या लक्षात आलं मी काय बोललो. आत-बाहेर नाही म्हणून आत्ताच सांगत होतो, नाही का. सत्तरीला आलेल्या माणसाच्या जिभेवरून ते असं येतं, त्याला विचारून येत नाही.

पायाचं? काही नाही, काटा मोडला होता. म्हणून लांब करून बसलोय. फडकं बांधलंय ते माशा बसतात म्हणून. — नाही, सोडू नका. सोडू नका म्हणतो. इथे लोक आहेत.

बरं. आहे. नारूच आहे. यंदाचा हा तिसरा, आधीचे दोन पोटरीतून निघाले. कोणाला सांगितलेलं नाही. घरात सुनेला ठाऊक आहे, ती धोतराचा काठ लांब सोडून देते. देवाच्या पुजाऱ्याला नारू म्हटलं तर लोकांची श्रद्धा — नाही का, त्यांना धीर कोणी द्यायचा? मी देतो ना धीर. आणि मला तसा फार त्रास होत नाही, ती कृपाच म्हणायची. आधी फोड येतो तेव्हा पायाची नुसती आग होते, निखाऱ्यावर ठेवल्यासारखी, दातओठ खातो मी. पण बारवेत पाय ठेवला की शांत. क्षणात शांत. मग मी तिथेच खालून तिसऱ्या पायरीवर बसतो, पाय पाण्यात सोडून, घटका-दोन घटका, ओव्या म्हणत. त्या पाण्यातून कधीकधी दुधासारखं काहीतरी पांढरं सुटताना दिसतं पायाशी, आणि आग विझते. मी म्हणायचो, शंकरानं माझं विष आपल्यात घेतलं. कीर्तनात नाव न घेता सांगितलासुद्धा मी हा अनुभव, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

— काय झालं? तुम्ही गाडगं खाली का ठेवलंत?

पिल्लं. ते पांढरं म्हणजे — हजारो? एका वेळी? आणि आग होते ती यासाठीच, की माणसानं पाय पाण्यात घालावा. म्हणजे तो आतून मला पाण्याकडे नेत होता, आणि मी त्याला — थांबा. थांबा जरा. मला क्रमानं समजू द्या, मी मंदबुद्धी नाही, माझं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालं आहे, मला क्रम कळतो. मी पाय घातला, पिल्लं सुटली, किड्यांनी खाल्ली, गावानं पाणी भरलं, गाव प्याला. पण हे सारेच करत होते ना? साऱ्या बायांना नारू होता, साऱ्या उतरत होत्या, मग एकट्या माझ्याच — हो. पहिला कोणाला निघाला, हेच विचारता ना. मला वाटलंच तुम्ही ते विचाराल.

सात वर्षांपूर्वी गोदावरीपलीकडे एका गावी सप्त्याला गेलो होतो. आठ दिवस तिथल्या बारवेचं पाणी प्यालो. तिथे लोक लंगडत होते, मी कशानं म्हणून विचारलंसुद्धा, आणि विसरलो. वर्षानं मला घोट्याशी फोड आला. त्याआधी आमच्या गावात नारू हा शब्द पाहुण्यांच्या तोंडून तेवढा ऐकला होता. त्याच्या पुढच्या वैशाखात सटवाजीला निघाला — सटवाजी म्हणजे देवळाशेजारचा, माझ्या कीर्तनात मृदंगावर बसायचा. मग त्याच्या भावाला, मग चार घरांत. बहात्तरला बारव तळाला गेली तेव्हा सारा गाव चिखलात उभा राहून वाट्यांनी पाणी भरायचा, आणि मीही त्याच चिखलात पाय घालून — मग चौतीस मुलं. सटवाजीचा नारू ओढताना तुटला, पाय काळा पडला, धनुर्वातानं गेला. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. मी त्याच्या मुखात तीर्थ घातलं.

हो. तीर्थ. बारवेचंच. मी आणलेल्या कलशातलं. अभिषेकाचं पाणी ताम्हनात धरतो आणि रोज सकाळी जो येईल त्याच्या ओंजळीत पळीभर. — सारे येतात. खाटेवरचा येत नाही त्याच्याकडे घरी पाठवतो. आजारी माणसाला दोन पळ्या. — नाही, गाळत नाही. तीर्थ कोणी गाळत नाही, साहेब, नेसायच्या धोतरातून तीर्थ गाळायचं हे कसं — नाही गाळत. परवा तोटी सुटल्यावरसुद्धा — परवा तर सणाचा दिवस, सारा गाव येईल, मी पहाटे उतरेन, या पायानं उतरेन, आणि कलश भरीन, आणि बाहेर तोटीला चार पदरी धोतर, आणि आत मी प्रत्येकाच्या हातावर — एक किडा पुरतो म्हणता. एका पळीत एक.

म्हणजे वर्षानंतरही थांबणार नव्हतं. मी असेपर्यंत थांबणारच नव्हतं. आणि दर वैशाखात भुजंग मास्तरला विचारणार होता. वस्तीतलं कोणी तीर्थाला येत नाही. आलेलंच नाही कधी. आम्ही येऊ दिलं नाही आणि नंतर त्यांनी यायचं सोडलं.

एक सांगू? मास्तरनं मला सांगितलं होतं. फाटकाची किल्ली बन्सीधरनं माझ्या हातात दिली त्या दिवशी. बन्सीधर गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, ‘बुवा, तुम्हीही उतरू नका.’ त्यांची नजर माझ्या पायाकडे होती. मी भडकलो. मी म्हणालो, शाळा तुझी, पूजा माझी, तिथवर जीभ नेऊ नकोस. अरे-तुरे केलं मी त्यांना. ते थोडे मागे सरले, आणि म्हणाले, ठीक आहे. त्यांना सारं ठाऊक होतं, साहेब. फडक्याखाली काय आहे ते, पहिला कोण ते, वर्षाचं, सारं. आणि हेही ठाऊक होतं की हे त्यांनी गावात बोललं तर त्या रात्री त्यांचं घर राहणार नाही. म्हणून ते नुसते सांधे भरत राहिले. मला वाटत होतं मी त्यांना वाचवायला निघालो आहे. दोन कोस गाडगी मांडीवर घेऊन.

चिठ्ठी लिहिताय? दाखवा. ‘कोणीही पाण्यात उतरू नये. कोणतेही पाणी गाळल्याशिवाय’ — कोणतेही. कळलं. ठेवा ती, नाही, द्या. द्या माझ्याकडे. — पण परवा या म्हणालो होतो ना, ते नका येऊ. रागावू नका, पुरतं ऐका. तुम्ही पारावर उभं राहून हे सांगितलंत तर भुजंग म्हणेल, मास्तरनं दवाखान्यातला माणूस आणवला आणि देवाच्या पुजाऱ्यावर इल्जाम घातला. तुमच्या तोंडून माझं नाव निघालं की तो मास्तरचा डाव ठरला. मग एक वर्षसुद्धा थांबायचे नाहीत ते. हे माझ्याच तोंडून निघालं तरच मास्तर सुटतो, दुसरा इलाज नाही, तुम्ही कितीही शिकलेले असलात तरी आमचं गाव मी ओळखतो.

आणि निघेल का, हे मला ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू. आत्ता तुमच्या एकट्यासमोरसुद्धा आधी काटाच म्हणालो. देहाची ममता सोडा, लौकिकाची लाज सोडा, हे मी इतक्या वेळा म्हटलं आहे की झोपेतही म्हणेन. पण ते म्हणताना लोक पाया पडतात, साहेब, आणि हे म्हटल्यावर काय पडेल अंगावर ते मला माहीत नाही. ज्यांच्या घरात तीन-तीन खाटा आहेत ते लोक. आणि त्यांच्यापुढे सरजाबाई — सटवाजीची बायको — ती कीर्तनात नेहमी पहिल्या ओळीत बसते, पाय लांब करून, तिचाही गुडघा आता वाकत नाही, आणि माझ्याकडे अशी बघते, जणू मी काही चुकीचं बोलूच शकत नाही. तिच्याकडे बघून म्हणायचं. कसं म्हणायचं? सरजाबाई, तुझ्या नवऱ्याला मी —

गाडी आली तुमची. जा. नाही, हात नका देऊ, मला अजून उठायचं नाही. जा म्हणतो ना.